विसर्प, नागीण आणि गुरांचा एक विषाणू

रोगांच्या नावांचा अभ्यास करणाऱ्यास ‘सरपटणे’ या अर्थाच्या एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूइतका चिवट धातू क्वचितच भेटेल. संस्कृतात तो ‘सृप्’ या रूपाने आला आणि त्यापासून ‘सर्प’ झाला. लॅटिनमध्ये ‘सेर्पेरे’ हे क्रियापद झाले. आणि ग्रीक भाषेत शब्दारंभीच्या सकाराचा हकार होत असल्यामुळे तेथे ‘हेर्पेइन’ असे रूप सिद्ध झाले. आपल्या ‘सप्त’चा ग्रीक जोडीदार ‘हेप्टा’ होतो, तो याच नियमाने. ‘हेर्पेइन’पासून ‘हर्पिस’ हे नाम बनले. हिप्पोक्रटीसच्या नावावर मोडणाऱ्या ग्रंथांत कातडीवर सरकत पसरणाऱ्या व्रणांस ते लावलेले आढळते. इकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ‘विसर्प’ या रोगास एक संपूर्ण अध्याय दिलेला आहे आणि नावाची उपपत्तीही तेथे ‘सर्व दिशांनी पसरतो तो’ अशाच आशयाची आहे. मराठीने तर मूळ धातू सोडून थेट प्राण्यासच पाचारण केले. कमरेभोवती उठणाऱ्या फोडांच्या पट्ट्यास आपण ‘नागीण’ म्हणतो. गुरांच्या गळ्यास सूज आणून त्यांचा तडकाफडकी घास घेणाऱ्या रोगास ‘घटसर्प’ म्हणतो.

यांपैकी घटसर्प हा जीवाणुजन्य रोग असून नागीण विषाणुजन्य आहे. म्हणजे नावांतील सापाचे नाते कारणांच्या नात्याशी जुळतेच असे नाही. तथापि एका ठिकाणी ते अनपेक्षितपणे जुळते, आणि त्या ठिकाणाचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गुरांना नाक, श्वासनलिका व जननेंद्रिये यांचा दाह उत्पन्न करणारा एक हर्पिसविषाणू आहे. त्याची गणना ज्या प्रजातीत होते, तिचे नाव ‘व्हॅरिसेलोव्हायरस’. मनुष्यास प्रथम कांजिण्या आणि पुढे नागीण देणारा विषाणू त्याच प्रजातीतला. या गुरांच्या रोगास मराठीत लोकनाव नाही. पशुपालक आणि पशुवैद्य दोघेही ‘आय. बी. आर.’ या आद्याक्षरांनीच तो ओळखतात.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या विषयाकडे का वळावे, याचा खुलासा करणे अगत्याचे आहे. काही वर्षांपूर्वी एका पशुवैद्यक स्नेह्यांच्या विनंतीवरून प्रस्तुत लेखकाने पशुपालकांसाठी असलेल्या एका इंग्रजी पत्रकाचे मराठी रूपांतर केले. रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडलेले जनावर ‘इम्यून’ समजावे काय, याविषयी त्यात एक परिच्छेद होता. ‘इम्यून’चे मूळ लॅटिन ‘इम्यूनिस’ हे रोमन कायद्यातले विशेषण. ‘मूनुस’ म्हणजे नागरिकावरील बंधनकारक कामगिरी किंवा भार, आणि त्यातून ज्याला सूट मिळाली तो ‘इम्यूनिस’. ही व्युत्पत्ती ठाऊक असल्याच्या ऐटीत लेखकाने ‘रोगमुक्त’ हा शब्द योजला. पत्रक छापून वाटले गेले. पुढे वर्षभराने स्नेह्यांनी कळविले की, एका गावात चाचणीत प्रतिपिंडे आढळलेला एक वळू ‘पत्रकात रोगमुक्त म्हटले आहे’ या आधारावर गावच्या गाईंकरिता चालू ठेवण्यात आला होता. त्या हंगामात दोन गाई गाभडल्या आणि काही पुनःपुन्हा उलटल्या. हे त्या वळूमुळेच घडले असे सिद्ध झाले नाही; पण तसे घडले नाही असेही कोणास म्हणता येईना. हा विषाणू वळूच्या वीर्यातून पसरतो आणि प्रतिपिंडे असलेल्या जनावराच्या अंगात तो जन्मभर राहतो. व्युत्पत्ती बरोबर होती. शब्द चुकला होता. तेव्हापासून या विषयाचे मिळेल ते वाचण्याचा नाद लागला.

या रोगाचा लिखित इतिहास जर्मन भाषेत सुरू होतो. १८४१ मध्ये ब्यूख्नर आणि रिख्नर यांनी गाई-वळूंच्या जननेंद्रियांवर उठणाऱ्या एका संसर्गजन्य पुरळाची वर्णने प्रसिद्ध केली. ‘ब्लेसशेन-आउसश्लाग’, म्हणजे बारीक फोडांचा पुरळ, हे त्याचे नाव. एका गावाचा एकच वळू असल्यास हा रोग गावभर फिरे, हे शेतकऱ्यांच्या ध्यानात आलेलेच होते. रोगाचे कारण सूक्ष्म गाळणीतूनही पार होणारे आहे, म्हणजे ते जीवाणूहून लहान आहे, हे रायझिंगर आणि रायमान यांनी १९२८ मध्ये दाखविले. सत्त्याऐंशी वर्षांच्या या अवधीत नाव बदलले नाही, कारण दिसणारी गोष्ट बदलली नव्हती.

अमेरिकेत मात्र वेगळेच घडले. १९५० च्या सुमारास कोलोराडोतील ‘फीडलॉट’मध्ये, म्हणजे हजारो जनावरे दाटीने एकत्र ठेवून त्यांना धान्य चारून पुष्ट करण्याच्या आवारांत, एक नवा श्वसनरोग दिसू लागला. जनावरांच्या नाकपुड्या लालभडक होत. म्हणून गुराख्यांनी त्याला ‘लाल नाक’ म्हटले. थोड्याच काळात तो कॅलिफोर्नियातील दुभत्या गाईंतही आढळला. १९५५ मध्ये पशुवैद्यकांच्या नियतकालिकांत त्याला नाक आणि श्वासनलिका या दोन अवयवांवरून लांबलचक शास्त्रीय नाव मिळाले, आणि १९५६ मध्ये मॅडिन, यॉर्क व मॅकर्चर यांनी त्याचा विषाणू वेगळा केल्याचे जाहीर केले. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाच्या केंड्रिक, गिलेस्पी आणि मॅकएन्टी यांनी गाईंच्या योनिमार्गाच्या एका पुटकुळ्यांच्या रोगाचे वर्णन केले आणि त्याचाही विषाणू मिळविला. याही रोगास अवयवावरून नाव देण्यात आले. आता एका विषाणूची दोन नावे दोन वेगवेगळ्या कपाटांत जाऊन बसली होती. १९५९ मध्ये गिलेस्पी व त्यांचे सहकारी यांनी दोन्ही विषाणू समोरासमोर ठेवले. एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यासही निष्प्रभ करीत होती. नाकातला आणि योनीतला विषाणू एकच ठरला. त्यानंतर १९६१ मध्ये आर्मस्ट्राँग, परेरा आणि अँड्र्यूज यांनी तो हर्पिस गटाशी नाते सांगतो हे निरीक्षणांनी मांडले, आणि ग्रीकांचा सरपटणारा व्रण अखेर गोठ्यात येऊन पोहोचला.

जुना जननेंद्रियांचा विषाणू अमेरिकेत श्वसनमार्गात कसा शिरला? फीडलॉटमधील दाटीमुळे एका जनावराच्या श्वासातून दुसऱ्याच्या नाकात जाण्याची संधी त्यास अखंड मिळत गेली, असा तर्क केला जातो. हा तर्क प्रस्तुत लेखकास पटतो, पण तो तर्कच आहे. नक्की एवढेच म्हणता येते की, अवयवावरून नाव देण्याच्या सवयीने एकाच शत्रूच्या दोन पायवाटांना दोन शत्रू समजण्यात आले. भारतात या रोगाची पहिली नोंद १९७६ ची असून ती उत्तर प्रदेशातील आहे.

आता शरीराच्या बाजूकडे वळू. तेथील परिभाषाही अशीच वेड्यावाकड्या वाटांनी आलेली आहे. इल्या मेच्निकॉफ याने १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभांत काटे टोचून पाहिले, तेव्हा फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या त्यास दिसल्या. त्यांस ‘फॅगोसाइट’ हे ग्रीक नाव सुचविले ते व्हिएन्नाच्या क्लाउस या प्राणिशास्त्रज्ञाने. मराठीत आपण ‘भक्षकपेशी’ म्हणतो आणि ते भाषांतर चोख आहे. यातील ‘पेशी’ शब्दाची मात्र गंमत आहे. सुश्रुताने शरीरात पाचशे पेशी सांगितल्या, त्या स्नायूंच्या; मराठीने तोच शब्द सूक्ष्म घटकास दिला आणि हिंदीने ‘कोशिका’ हा वेगळा मार्ग धरला. ‘लस’ व ‘लसीका’ हे शब्दही एकाच घरातले. ज्याला आपण लस म्हणतो त्याचे युरोपीय नाव ‘वाक्का’ या गाईच्या लॅटिन नावावरून, जेन्नरच्या १७९८ च्या ग्रंथामुळे रूढ झाले. गाईने मनुष्याच्या प्रतिकारशास्त्रास एवढे दिले, पण तिच्या स्वतःच्या प्रतिकाराचा अभ्यास पुष्कळ उशिरा झाला.

तो उशीर एका अक्षरात दिसतो. लसीकापेशींचे जे दोन मुख्य वर्ग मानले जातात त्यांतील ‘बी’ हे अक्षर कोंबडीच्या शरीरातील ‘बर्सा’ या पिशवीवरून आलेले आहे. तिचे कार्य ग्लिक व त्याचे सहकारी यांनी १९५६ मध्ये प्रकाशात आणले. गाईच्या शरीरात ही पिशवी नाहीच. तरी गाईच्या पेशीही ‘बी’च. दुसरे अक्षर ‘टी’ हे थायमस ग्रंथीवरून. याही पलीकडचे एक नाव आहे. ‘गॅमा-डेल्टा’ जातीच्या टी-पेशी मनुष्याच्या रक्तातील टी-पेशींत बहुधा शेकडा एक ते दहा असतात. वासरांत त्यांचा हिस्सा याच्या कित्येक पट मोठा आढळतो. यांतील पुष्कळांच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन सापडले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या श्वेतपेशींचे वर्गीकरण करण्यासाठी संशोधक एकत्र जमले असता त्यास ‘डब्ल्यू. सी. १’ म्हणजे ‘कार्यशाळा-समूह १’ असे नाव पडले. ते प्रथिन काय करते हे ठाऊक नव्हते, म्हणून ज्या बैठकीत ओळख पटली तिचेच नाव त्यास दिले. अज्ञान प्रामाणिकपणे नोंदविणारे असे पारिभाषिक नाव दुसरे क्वचितच असेल.

या विषाणूशी गाईच्या पेशी कसा सामना देतात, याचा पद्धतशीर शोध १९७० च्या दशकात कॅनडातील सॅस्कॅटून येथे राउस आणि बाबियुक यांनी सुरू केला. तोपर्यंत बहुतेकांचे लक्ष प्रतिपिंडांवर होते, कारण ती मोजता येत. परंतु हर्पिसविषाणू एका पेशीतून शेजारच्या पेशीत बाहेर न पडताच सरकू शकतो. प्रतिपिंडे पेशींच्या बाहेर राहतात. त्यामुळे या आतल्या सरपटण्यापुढे ती एकटी अपुरी पडतात. राउस आणि बाबियुक यांनी १९७४ पासून दाखवीत नेले की, रोगातून उठलेल्या गुरांच्या लसीकापेशी विषाणूचे प्रथिन समोर येताच चेतवल्या जातात. आणि प्रतिपिंडांची साथ असेल तर रक्तातील साध्या ‘न्यूट्रोफिल’ पेशीसुद्धा बाधित पेशींस मारू शकतात. ही दुसरी गोष्ट विशेष लक्षणीय होती. जीवाणू गिळणारे साधे शिपाई म्हणून ज्यांस हिणवले जाई, त्यांच्याकडे विषाणूच्या विरोधातही काम होते.

एकंदर क्रम आज असा सांगता येतो. विषाणू नाकाच्या अस्तरात शिरल्यावर काही तासांतच बाधित पेशी ‘इंटरफेरॉन’ सोडू लागतात. १९५७ मध्ये आयझॅक्स व लिंडेनमान यांनी शोधलेले हे द्रव्य शेजारच्या पेशींस सावध करते. त्यामागून न्यूट्रोफिल, भक्षकपेशी आणि नैसर्गिक मारक पेशी येतात. टी-पेशींची खरी फळी उभी राहण्यास मात्र पाच ते सात दिवस लागतात, आणि प्रतिपिंडे साधारणतः त्याच्या मागोमाग दिसू लागतात. टी-पेशींतही दोन कामे वाटलेली: एक वर्ग इतरांस चेतवितो, दुसरा बाधित पेशी हुडकून मारतो. बहुतेक गुरे दोन आठवड्यांत बरी दिसू लागतात.

विषाणूची बाजूही तितकीच कसबी आहे. त्याची संपूर्ण जनुकीय लिपी सुमारे १,३५,००० अक्षरांची. म्हणजे एखाद्या मध्यम कादंबरीएवढीही नाही. तेवढ्यात त्याने प्रतिकाराच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर अडथळा लिहून ठेवला आहे. त्याचे एक प्रथिन इंटरफेरॉनचा संदेश दाबते. दुसरे, २००५ मध्ये ज्याचे कार्य उलगडले ते, अधिक धूर्त आहे. बाधित पेशी आपल्या आतील प्रथिनांचे तुकडे एका वाहतूकद्वारातून नेऊन पृष्ठभागावर मांडते आणि मारक टी-पेशी ते वाचून आत शत्रू आहे हे ओळखतात. हे प्रथिन ते वाहतूकद्वारच बंद पाडते व मोडून टाकते. पाटी कोरी राहते आणि मारक पेशी पुढे निघून जाते. याखेरीज इतरांस चेतविणाऱ्या टी-पेशींतही विषाणू शिरतो आणि त्यांचा नाश घडवितो. अशा वेळी दुसऱ्याच एखाद्या जीवाणूस मोकळे रान मिळते. मालगाड्यांतून व ट्रकांतून दूर नेलेल्या गुरांत जो प्राणघातक न्यूमोनिया होतो, त्यास अमेरिकेत ‘वाहतुकीचा ताप’ म्हणतात. त्यात या विषाणूने दुबळ्या केलेल्या फुप्फुसावर ‘मॅन्हाइमिया’ जीवाणू तुटून पडतो. हा जीवाणू १९९९ पर्यंत ‘पाश्चुरेला’ कुळनामाने ओळखला जाई, आणि आपल्या घटसर्पाचा जीवाणूही पाश्चुरेलाच. दोन सर्प येथे पुन्हा शेजारी आले.

हर्पिसविषाणूंचा एक दूरचा नातलग येथे आठवतो, कारण तेथे प्रतिकारपेशी हाच रोग होऊन बसतो. पूर्व आफ्रिकेतील मसाई पशुपालक विल्डबीस्ट या हरणवर्गीय प्राण्याच्या विण्याच्या हंगामात आपली गुरे त्या कुरणांपासून दूर नेतात. त्याच्या वारेमुळे गुरे मरतात, असा त्यांचा अनुभव. दक्षिण आफ्रिकेत मेटॅम याने १९२३ मध्ये हा रोग विल्डबीस्टपासून गुरांस देता येतो हे प्रयोगाने दाखविले. १९६० मध्ये केनियात प्लाउराइट व त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचा हर्पिसविषाणू वेगळा केला. (बुळकांडीवरची उत्कृष्ट पेशीसंवर्धित लसही या प्लाउराइटचीच. बुळकांडी २०११ मध्ये जगातून नष्ट झाल्याचे घोषित झाले.) या रोगात गुरांच्या मारक टी-पेशी बेसुमार वाढतात, अवयवांत घुसतात आणि जनावर बहुधा दगावते. विषाणूचे कण शोधून सापडणे मात्र कठीण. वार हे रोगाचे मूळ, हा मसाईंचा निष्कर्ष तपशिलात सुधारावा लागला. नवजात पाडसांच्या नाक-डोळ्यांच्या स्रावांतून विषाणू अधिक पसरतो. पण विण्याच्या हंगामाचे कुरण टाळावे, हा त्यांचा व्यवहार अचूकच होता.

मूळ विषयाकडे येऊ. बरे झालेल्या गाईतून विषाणू जात नाही. तो नाकाच्या मज्जातंतूंवरून मागे सरकत मस्तकातील ‘ट्रायजेमिनल’ मज्जागंडिकेत जाऊन बसतो. जननमार्गाने आलेला असेल तर कटिभागातील गंडिकांत बसतो. तेथे तो प्रथिने जवळजवळ निर्माणच करीत नाही. म्हणून पेशींस वाचावयास काही उरत नाही. १९७२ मध्ये शेफी व डेव्हिस यांनी असे दाखविले की, बऱ्या झालेल्या गुरांस कॉर्टिकोस्टेरॉइड टोचले की विषाणू पुन्हा बाहेर पडू लागतो. प्रसूती, लांबचा प्रवास, उपासमार यांमुळे शरीरात हीच द्रव्ये वाढतात आणि हाच परिणाम घडू शकतो. माणसाच्या नागिणीचे असेच आहे. बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जागंडिकेत दडून राहतो व उतारवयात जागा होतो, ही उपपत्ती होप-सिम्सन या इंग्रज वैद्याने १९६५ मध्ये मांडली. नागिणीचे तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळले की माणूस जगत नाही, हा आपल्याकडचा समज खोटा आहे. पुरळ एका बाजूच्या मज्जातंतूचा प्रदेश व्यापून बहुधा मध्यरेषेशीच थांबतो. पण बिळात शिरून पुन्हा बाहेर येणारा प्राणी म्हणून नागिणीची निवड करण्यात जुन्या मराठी बोलणाऱ्यांनी नकळत फार मोठे सत्य पकडले, हे मान्य केले पाहिजे.

यावरून प्रतिपिंडांचा अर्थ उलटतो. गोवरातून उठलेल्या मुलाच्या रक्तातील प्रतिपिंडे ‘शत्रू आला होता, गेला’ असे सांगतात. लस न टोचलेल्या गाईच्या रक्तातील या विषाणूची प्रतिपिंडे ‘आला होता, आतच आहे’ असे सांगतात. डेन्मार्क, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आदी देशांनी या साक्षीवर विसंबून प्रतिपिंडे असलेली जनावरे कळपातून काढली आणि रोगाचे उच्चाटन केले. जर्मनीस ही मान्यता २०१७ मध्ये मिळाली. जेथे रोग फार पसरलेला होता तेथे लस टोचणे भाग होते. मग लशीची प्रतिपिंडे कोणती आणि रोगाची कोणती, हा पेच आला. १९९० च्या दशकात नेदरलँड्समधील फान ओइर्सखोट आणि सहकारी यांनी विषाणूचे एक पृष्ठप्रथिन वगळलेली लस सिद्ध करून तो सोडविला. त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली तर ती रोगाची, न आढळली तर लशीची.

आपल्याकडे असे जनावर काढून टाकण्याचा मार्ग बंद आहे. महाराष्ट्रात गोवधास बंदी घालणारा कायदा १९७६ चा. बैल व वळूही त्याच्या कक्षेत २०१५ मध्ये आले. बाधित जनावर कळपातच राहणार, हे गृहीत धरूनच येथे व्यवहार करावा लागतो. म्हणून कृत्रिम रेतनाच्या वळूंची चाचणी घेणे, बाधित वळू वेगळा ठेवणे आणि वीर्य विषाणूसाठी तपासूनच वापरणे यांस महत्त्व येते. द्रवरूप नायट्रोजनमध्ये वीर्य टिकते, तसा विषाणूही टिकतो. अशा परिस्थितीत पशुपालकाच्या हाती दिलेला शब्दच पुष्कळ काम करतो किंवा बिघडवितो.

पत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा ‘रोगमुक्त’च्या जागी काय घालावे, यावर स्नेह्यांशी बराच खल झाला. ‘बाधित’ म्हटले तर धडधाकट दिसणाऱ्या गाईस आजारी म्हटल्यासारखे होते, आणि मालक चाचणीच नाकारतो. ‘वाहक’ शास्त्रीय दृष्ट्या ठीक. पण गोठ्यात तो शब्द एसटीतील कंडक्टरची आठवण करून देतो, असे एका पशुपालकानेच हसत सांगितले. ‘प्रतिकारक्षम’ खरे असले तरी अर्धेच खरे. अखेरीस एक शब्द सोडून वाक्यच लिहिले: ‘या जनावराच्या अंगात विषाणू दडून आहे, जनावर बरे दिसले तरी विणे, प्रवास किंवा आजारपण यांच्या वेळी तो बाहेर पडतो, अशा वळूचा उपयोग पशुवैद्यांस विचारल्यावाचून करू नये.’ पत्रकातील एक ओळ वाढल्याबद्दल मुद्रकाने कुरकुर केली. परिभाषाकोशात ही नोंद कशी करावी, हा प्रश्न मात्र तसाच आहे. विषाणूचे अधिकृत नावही आंतरराष्ट्रीय समितीने मध्यंतरी बदलून ‘व्हॅरिसेलोव्हायरस बोव्हाइनआल्फा१’ असे केले आहे, आणि तूर्त आमच्या टिपणवहीत त्या नावापुढची मराठी रकान्याची जागा रिकामी सोडलेली आहे.